पाण्याचा पट्टा कोणाच्या नावे?

(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून संस्थेच्या कार्याचा गौरव करावा, दात्यांचे स्मरण करावे आणि चार शब्द शुभेच्छांचे बोलून आपली जागा घ्यावी, असा प्रघात आहे. ते काम आमच्या आधी बोललेल्या वडीलधाऱ्या मंडळींनी आमच्यापेक्षा अधिक अधिकाराने पार पाडले आहे. आम्हांला नेमून दिलेला विषय निराळा आहे. नदीमुखांतील व किनाऱ्यालगतच्या पाण्याचे तुकडे आखून ते शिंपल्यांच्या आणि समुद्री शेवाळाच्या शेतीसाठी पट्ट्याने द्यावेत काय, आणि द्यायचे तर कोणाला, हा तो प्रश्न होय.

धर्मादाय संस्थेच्या समारंभात हा विषय कशाला, असे कोणाच्या मनात येईल. परंतु गोव्यातील आपली कितीतरी कुटुंबे झुवारी, मांडवी, शापोरा, साळ, तळपण या नद्यांच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. आपली तरुण मुले म्हणतात की, नोकऱ्या मिळत नाहीत, जमीन पुरत नाही, मग पाण्यात शेती का करू नये? घरातील जुनी माणसे म्हणतात की, आज एक तराफा आला, उद्या सारी नदी खुंट मारून अडवतील आणि आपल्या होडीला वाट उरणार नाही. ही दोन्ही मते या सभागृहात शेजारी-शेजारी बसलेली आहेत. आम्हांला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. म्हणूनच एका बाजूची वकिली न करता, पट्टा कसा असला म्हणजे तो हिताचा ठरतो आणि कसा असला म्हणजे घात करतो, एवढेच आज सांगण्याचा विचार आहे.

प्रथम ही शेती म्हणजे काय ते पाहू. शिणाणी खडकाला चिकटून वाढते हे आपणांस ठाऊक आहेच. खडकाऐवजी तिला दोर दिला तरी चालते. खडकांवरून खरवडून आणलेले लहान बी दोराभोवती पसरतात आणि त्यावर सुती जाळीचे कापड गुंडाळून शिवतात. काही दिवसांत बी आपल्या तंतूंनी दोर पकडते, आणि तोवर कापड कुजून गळून पडते. असे दोर तराफ्यावरून किंवा पाण्यात रोवलेल्या बांबूंच्या मांडवावरून खाली सोडले की पाच-सहा महिन्यांत माल काढणीस येतो. कालवांची शेतीही याच जातीची. शेवाळाच्या बाबतीत बांबूची चौकट करून तिच्या दोऱ्यांना शेवाळाचे तुकडे बांधतात. तामिळनाडूत तीन मीटर लांब व तितक्याच रुंद अशा चौकटी वापरतात, आणि साधारण ४५ दिवसांनी पीक हाती येते.

या शेतीची मोठी खुबी अशी की, तिला खाद्य घालावे लागत नाही. शिणाणी व कालव पाणी गाळून त्यातील सूक्ष्म जीवांवर जगतात, आणि शेवाळ सूर्यप्रकाशावर व पाण्यात विरघळलेल्या क्षारांवर वाढते. कोळंबीच्या तळ्यांप्रमाणे येथे जमीन खणावी लागत नाही, की औषधे टाकून घाण पाणी बाहेर सोडावे लागत नाही. कोळंबीच्या शेतीने किनाऱ्याचे किती नुकसान केले ते सर्वोच्च न्यायालयापुढे आले आणि ११ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाला कडक निर्णय द्यावा लागला. त्या शेतीला आणि या शेतीला एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. गोव्याला हा विचार नवा आहे असेही नाही. दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तराफ्यावरून दोर सोडून शिणाण्या वाढवण्याचे प्रयोग केले, आणि त्यांचे निष्कर्ष १९७७ मध्ये प्रसिद्धही झाले.

मग अडचण कोठे आहे? अडचण शिणाणीत नाही, शेवाळातही नाही. ती पट्ट्यात आहे. दोर आपला, बी आपले, श्रम आपले. पण ज्या पाण्यात ते सोडायचे ते पाणी कोणाचे? ज्याने भांडवल घातले त्याला आपला माल कोणी चोरून नेणार नाही, मध्येच कोणी उठवणार नाही, असा भरवसा हवा. हा भरवसा म्हणजेच पट्टा. पट्ट्यावाचून बँक कर्ज देत नाही आणि विमाही मिळणे कठीण. तेव्हा पट्टा नकोच, असे म्हणणे म्हणजे ही शेतीच नको, असे म्हणण्यासारखे आहे.

परंतु नदीचे पाणी दिसायला मोकळे असले तरी ते रिकामे नसते. आपल्या राज्यघटनेने मासेमारी हा विषय राज्यांकडे दिला आहे. प्रादेशिक समुद्राच्या, म्हणजे १२ सागरी मैलांच्या, पलीकडची मासेमारी तेवढी केंद्राकडे. कागदावर मालक सरकार. पण ओहोटीला गुडघाभर चिखलात उभी राहून तिसऱ्या काढणारी बाई, पागेर टाकणारा म्हातारा, किनाऱ्यावरून रांपण ओढणारी पन्नास माणसे, यांचा वहिवाटीचा हक्क कोणत्याच कागदावर नसतो. रांपणीला तर किनाऱ्यालगतचे पाणी मोकळेच लागते. मध्ये एक तराफा आला तरी जाळे फिरत नाही. गेल्या शतकाच्या आठव्या दशकात ट्रॉलरांविरुद्ध रांपणकारांनी केलेला लढा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. त्या लढ्यानंतरच १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्याजवळचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखला गेला. इतक्या कष्टाने मोकळे राहिलेले पाणी दुसऱ्या दाराने बंद होऊ नये, ही ज्येष्ठांची चिंता अनाठायी नाही.

आता आपल्या घरचाच एक जुना दाखला घेऊ. पाणी पट्ट्याने देणे ही गोव्याला परकी गोष्ट नाही. आपल्या खाजन शेतांचे क्षेत्र सुमारे १८,००० हेक्टर सांगतात. नदीचे खारे पाणी अडवणारे बांध गावकऱ्यांनी, म्हणजे ज्यांना पुढे पोर्तुगीज काळात कोमुनिदाद म्हणू लागले त्या ग्रामसंस्थांनी, घातले आणि राखले. बांधात मानस बसवली. भरतीचे पाणी चढले की बाहेरच्या दाबाने तिची दारे आपोआप मिटतात, ओहोटी लागली की आतल्या दाबाने उघडतात. पावसाळ्यात आत कोरगुटासारखे खारटपणा सोसणारे भात पिके, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मानशीच्या तोंडाशी जाळे लावून मासळी धरीत. ही मासळी धरण्याचा हक्क गावकरी पावणी करून, म्हणजे लिलावाने, मुदतीपुरता देत असे.

ही व्यवस्था शतकानुशतके का टिकली? आम्हांला त्याचे कारण असे दिसते की, भात, बांध आणि मानस ही तिन्ही एकाच संस्थेच्या हाती होती. पावणीचा पैसा गावकरीच्या पेटीत पडे आणि बांध फुटला तर तो बांधण्याची जबाबदारीही गावकरीवरच येई. मासळीच्या लोभाने कोणी मानस अवेळी उघडी ठेवली, तर खारे पाणी कोणाच्या शेतात शिरले ते दुसऱ्या दिवशी साऱ्या गावाला दिसे, आणि जाब विचारणारे शेजारीच असत.

१९६४ च्या कूळ कायद्यानंतर व १९७६ च्या दुरुस्तीनंतर कुळांना जमिनीचा हक्क मिळाला. तो न्याय होता, त्याबद्दल दुमत नाही. पण बांध व मानस सांभाळण्याचे काम कूळ संघांकडे आले, गावकऱ्या दुबळ्या झाल्या, आणि मासळीचे भाव चढत गेले तशी मानशीची पावणी मोठी होत गेली. अनेक ठिकाणी पावणी घेणारा माणूस असा आला की, ज्याचे त्या खाजनात एक वाफाही शेत नव्हते. त्याला मुदतीत दिलेले पैसे वसूल करायचे. खारे पाणी जितके अधिक आत येईल तितकी मासळी अधिक, म्हणून दारे उघडी राहू लागली. भाताची शेते खारावली, बांध आतून खचले, काही शेतांत आज भाताऐवजी खारफुटी उभी आहे. दोष एकट्या पावणीदाराचा नव्हता. भातापेक्षा मासळीत पैसा अधिक दिसल्यावर काही ठिकाणी कुळांनीही डोळेझाक केली. परंतु मूळ गोष्ट ही की, पाण्याचा लाभ एकाच्या पदरी आणि पाण्याचे परिणाम दुसऱ्याच्या पदरी, अशी वाटणी झाली. पट्टा तोच, मानस तीच, पावणीची रीतही तीच. बदलला तो पट्टा घेणारा.

आमचे म्हणणे ते हेच. पाण्याच्या पट्ट्यात किती क्षेत्र, किती भाडे, किती वर्षे हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच; पण त्या पाण्याचे बरेवाईट ज्याला स्वतः भोगावे लागेल अशा माणसाच्या नावे पट्टा आहे की नाही, हा पहिला प्रश्न आहे.

बाहेरचे अनुभवही हेच सांगतात. केरळात कासरगोड जिल्ह्यातील पडन्ना व चेरुवत्तूर या भागांत गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या साहाय्याने शिणाण्यांची शेती सुरू झाली. तेथे पुढे आल्या त्या गावच्या स्त्रियांचे बचत गट. आपल्याच दारातल्या खाडीत बांबू रोवायचे, दोर घरीच शिवायचे, आणि माल मे महिन्यापूर्वी काढायचा. पाहता-पाहता उत्पादन हजारो टनांवर गेले. तेथे भांडणे झाली नाहीत असे नव्हे. खडकांवरचे बी शेतीसाठी खरवडू लागताच, त्याच खडकांवरच्या मोठ्या शिणाण्या काढून पोट भरणाऱ्यांशी तंटे उभे राहिले. म्हणजे शेती खाडीत, पण तिचा भार दूरच्या खडकावर. पट्टा देताना बी कोठून आणणार हेही विचारले पाहिजे, हा धडा तेथून घ्यावा.

ओडिशातील चिलिका सरोवराची कथा दुःखाची आहे. तेथील मासेमारीची क्षेत्रे मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना पट्ट्याने देण्याची रीत होती. कोळंबीला परदेशी बाजार मिळाला आणि पैसेवाले लोक पोटपट्ट्याने, प्रसंगी पट्ट्यावाचूनही, पाण्यात कुंपणे घालू लागले. नाव संस्थेचे, पाणी भलत्याच्याच हाती. असंतोष वाढत गेला, आणि २९ मे १९९९ च्या रात्री सोराणा गावी पोलिसांच्या गोळीबारात चार माणसे मेली. पोटपट्टा हा शब्द कागदावर लहान दिसतो, पण तो किती महाग पडू शकतो हे त्या गावाला विचारावे.

शेवाळाचाही एक इशारा आहे. तामिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर कप्पाफायकस नावाचे विदेशी शेवाळ लावू लागले. मच्छीमार कुटुंबांतील, विशेषतः स्त्रियांच्या, हातात त्याने चार पैसे आणले हे खरे आहे. परंतु ते शेवाळ मन्नारच्या आखातात कुरुसडै बेटाजवळच्या प्रवाळांवर पसरल्याचे शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखवून दिले. पुढे पाणी तापल्यामुळे तेथील पिकालाही मोठा फटका बसला. पाण्यात सोडलेले बी बांध ओळखत नाही. म्हणून येथे काय लावायचे ते ठरवताना आपल्याच पाण्यातल्या जातींना पहिला मान द्यावा.

चांगले उदाहरण पाहायचे तर जपानकडे पाहावे. तेथे १९४९ च्या मासेमारी कायद्याने कालव, शेवाळ इत्यादींच्या शेतीचे हक्क प्रथम स्थानिक मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना देण्याची रीत घालून दिली. प्रांताचे सरकार हक्क संस्थेला देई, आणि कोणाला कोठे किती तराफे हे संस्था आपल्या सभासदांत ठरवी. हक्क मुदतीचा, कायमचा नव्हे. २०११ च्या त्सुनामीने मियागी प्रांताचा किनारा धुऊन नेला, तेव्हा बाहेरचे भांडवल आल्यावाचून पुन्हा उभे राहता येणार नाही असे तेथील शासनास वाटले, आणि २०१३ मध्ये खास क्षेत्र करून कंपनीच्या सहभागाला वाट दिली गेली. सहकारी संस्थांनी त्याला विरोध केला होता. २०१८ मध्ये कायदाच सुधारला आणि संस्थांचा तो ठरीव अग्रक्रम गेला. जो हक्कदार आपले पाणी नीट वापरतो त्याला मात्र ते राखता येते. तेव्हा सहकारी संस्थेचे नाव पुढे करून भागत नाही, तिने पाणी चांगले वापरून दाखवले पाहिजे, हाही अर्थ त्यातून घ्यावा. आपल्या मुलांनी हे विसरू नये.

आपल्या देशात २००५ चा किनारी मत्स्यसंवर्धन प्राधिकरण कायदा २०२३ मध्ये सुधारला गेला आणि शेवाळ व शिंपल्यांची शेती त्याच्या कक्षेत आली. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतही शेवाळाच्या शेतीला साहाय्य ठेवले गेले. तेव्हा हा विषय आज ना उद्या प्रत्येक किनारी गावाच्या ग्रामसभेपुढे येणार, असे समजून चालावे. त्या दिवशी आपल्या माणसांनी काय विचारावे?

पहिले, पट्टा कोणाच्या नावे? त्या काठावर राहणाऱ्या मच्छीमारांची संस्था, तिसऱ्या-शिणाण्या काढणाऱ्या स्त्रियांचा गट यांना प्रथम हक्क हवा, आणि पोटपट्ट्याला स्पष्ट मनाई हवी. बाहेरचे भांडवल लागले तर ते कर्ज म्हणून यावे, मालक म्हणून नव्हे.

दुसरे, कोणत्या महिन्यांसाठी? आपल्या नद्यांत पावसाळ्यात गोडे पाणी लोटते, आणि खाऱ्या पाण्याची शिणाणी व शेवाळ तेथे तग धरीत नाहीत. म्हणजे ही शेती मुख्यतः पावसाळा संपल्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंतची. मग पट्टा बारा महिन्यांचा कशाला? पावसाळ्यात बांबू-दोर काढून पाणी पुन्हा सर्वांना मोकळे झाले पाहिजे. ज्याला बारा महिने पाणी हवे आहे त्याला शेतीखेरीज आणखी काही हवे आहे, असे खुशाल समजावे.

तिसरे, वाट कोठे? होडीची वाट, रांपणीची जागा, तिसऱ्या काढण्याचे चिखलाचे पट्टे हे नकाशावर आधी आखावेत, आणि उरलेल्या पाण्यात पट्टा बसवावा. आधी पट्टा आणि मग उरल्या पाण्यात वाट, असे होऊ देऊ नये.

चौथे, पाणी स्वच्छ आहे काय? हा प्रश्न सर्वांच्या जिवाचा आहे. जो जीव पाणी गाळून खातो तो त्या पाण्यातील घाणही आपल्या अंगात साठवतो. गटाराचे पाणी जेथे नदीला मिळते तेथे वाढलेले कालव ताटात वाढणे म्हणजे रोगाला आमंत्रण. शिवाय समुद्रात कधी कधी विषारी सूक्ष्म वनस्पतींची वाढ होते आणि ते विष शिंपल्यांत उतरते. शिजवल्यानेही ते जात नाही. १९९७ मध्ये केरळात विझिंजम येथे शिणाण्या खाऊन शेकडो माणसे आजारी पडली आणि काही दगावली. म्हणून पट्टा देणाऱ्याने पाण्याची वेळोवेळी तपासणी करण्याची, व धोका दिसताच काढणी थांबवण्याची जबाबदारी स्वीकारलीच पाहिजे. यात आपला एक मोठा लाभही आहे. ज्यांचे पोट नदीच्या स्वच्छतेवर अवलंबून आहे अशी पन्नास घरे काठावर असली, तर नदीत घाण सोडणाऱ्याला जाब विचारणारे पन्नास जण आपोआप तयार होतात.

पाचवे, भाड्याचा पैसा जातो कोठे? जुन्या गावकरीत पावणीचा पैसा बांधाकडे परत येई. तसाच या भाड्याचा ठरलेला भाग त्याच काठाच्या कामी, धक्का, पाण्याची तपासणी, बियाचे संवर्धन यांसाठी खर्च व्हावा.

आता आपल्या संस्थेविषयी. काही तरुण सभासदांनी अशी कल्पना मांडली आहे की, संस्थेनेच आपल्या नावे पट्टा घ्यावा आणि उत्पन्न शिष्यवृत्त्यांना लावावे. हेतू उत्तम आहे. परंतु आमचे मत तसे नाही. विश्वस्त मंडळ ओहोटीला चिखलात उतरत नाही. पाणी बिघडले तर त्याची झळ मंडळाच्या कचेरीला लागत नाही. मानशीच्या बाबतीत जे घडले तेच आपल्या हातून, चांगल्या हेतूने, घडेल. संस्थेने करावयाची कामे दुसरी आहेत. स्त्रियांच्या गटांना दोर, बांबू व बी घेण्यासाठी पहिल्या हंगामापुरते बिनव्याजी साहाय्य द्यावे. दरवर्षी एक-दोन मुलामुलींना मत्स्यविज्ञानाच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती द्यावी. सरकारी सूचना निघाली की तिचा मजकूर सोप्या मराठीत करून घरोघर पोचवावा, म्हणजे मुदत टळून गेल्यावर हळहळण्याची पाळी येणार नाही. आणि सर्वांत मोठे काम म्हणजे आपल्या वृद्ध मंडळींच्या तोंडून कोणत्या नदीत कोठे तिसऱ्यांचा पट्टा, कोठे शिणाण्यांचा खडक, कोठे रांपणीची जागा हे सारे लिहून घेऊन त्याचे नकाशे करावेत. वहिवाटीचा हक्क कागदावर नसतो असे आम्ही मघाशी म्हटले. तो कागदावर आणणे आपल्या हाती आहे, आणि हे काम ज्या माणसांना ठाऊक आहे ती माणसे आहेत तोवरच करता येईल.

तरुणांनी या शेतीत उतरावे, अवश्य उतरावे. वडीलधाऱ्यांनी त्यांना अडवू नये. जाब मात्र विचारीत राहावे. एकमेकांना जाब विचारता येईल इतके जवळ राहणाऱ्या माणसांच्या हाती पाणी असले, तर पट्ट्याला भिण्याचे कारण नाही. नकाशांच्या कामासाठी ज्यांना वेळ देता येईल त्यांनी आजच चिटणिसांकडे आपली नावे द्यावीत, अशी विनंती आहे.